चेहरा आणि मानेवरचे पुरळ हटत नसेल तेव्हा : गाजरगवताची ॲलर्जी ओळखावी कशी, आवरावी कशी

चेहऱ्यावर किंवा मानेवर उठलेले पुरळ आठ-पंधरा दिवसांत बसून गेले, तर त्याची फार चिंता करण्याचे कारण नसते. परंतु तेच पुरळ महिना उलटला तरी जागचे हलत नसेल, मलम लावले की दबत असेल आणि सोडले की दुप्पट जोराने उठत असेल, सकाळी पापण्या सुजलेल्या दिसत असतील आणि मानेची कातडी जाड, काळपट होऊन तिच्यावर रेघा उमटू लागल्या असतील, तर त्यामागे रोज नव्याने त्वचेला लागणारे काहीतरी आहे असे धरून शोधाला लागावे. महाराष्ट्रात, विशेषतः शेतात, बांधावर, कॅनॉलच्या काठाने किंवा रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत, हे काहीतरी पुष्कळदा गाजरगवत असते. माझ्या वडिलांच्या बाबतीत ते कळायला आम्हांला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत कोणत्या चुका झाल्या आणि पुढे कशाचा खरोखर उपयोग झाला, हे ज्यांच्या घरी असाच त्रास आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहीत आहे. निदान आणि औषधे त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायची आहेत. पण त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी आणि तेथून घरी परतल्यावर जे करायचे असते, त्याचा मोठा भाग आपल्याच हातात असतो.

प्रथम हातातली ट्यूब

चेहऱ्यावर खाज सुटली की मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ असे सांगण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि जंतुनाशक अशा तीन-चार औषधांची एकत्र मोट बांधलेली असते. ट्यूबच्या पाठीमागे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात दाह तेवढा दाबला गेलेला असतो, कारण मात्र तसेच राहिलेले असते. शरीराच्या इतर भागांपेक्षा चेहऱ्याची त्वचा पातळ असल्यामुळे ती हे औषध अधिक शोषते. काही आठवड्यांतच ती आणखी पातळ होते, केसाएवढ्या बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखे फोड येतात, उन्हात गेले की आग होते आणि काही जणींच्या चेहऱ्यावर लव वाढते. गजकर्ण असेल, तर स्टेरॉइडने त्याची कडा पुसट होते आणि बुरशी आतल्या आत पसरत जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ते ओळखणे अवघड जाते.

हा प्रकार अपवादाने घडतो असेही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवर केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड मलम लावत असल्याचे आढळले होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही ती सहज हाती पडतात. म्हणून पहिला नियम असा, की नवी ट्यूब आणू नये. आणि दुसरा, तितकाच महत्त्वाचा नियम असा, की जुनी ट्यूब महिनोन्‌महिने वापरली असेल तर ती घरच्या घरी एकदम सोडून देऊन पुढे काय होते ते पाहत बसू नये. ती सोडली की काही दिवसांत चेहरा लालबुंद होतो, जळजळतो, पुळ्या येतात, आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. ही उसळी काही आठवडे, क्वचित काही महिनेही टिकते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडावी लागते. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात. आम्ही शेवटी नेल्या तेव्हा त्या अकरा निघाल्या, आणि त्या पिशवीनेच निदानाची पहिली दिशा दाखवली.

पुरळ कोठे आहे आणि कोठे नाही

चांगल्या उजेडात, खिडकीपाशी बसून, दुसऱ्या कोणाकडून चेहरा, मान, कानामागचा भाग आणि कोपरांच्या घड्या यांचे फोटो काढून घ्यावेत. ज्या जागा मोकळ्या राहिल्या आहेत, त्यांचेही फोटो काढावेत, कारण निदानाला त्यांचाही तितकाच उपयोग होतो.

गाजरगवताचे अतिसूक्ष्म सुके केस आणि पाना-फुलांचे कण हवेतून येऊन त्वचेवर बसतात. हवा सगळीकडे शिरते. त्यामुळे या पुरळात वरच्या पापण्या, कानांच्या मागची जागा, हनुवटीखालचा भाग आणि मानेच्या वळ्या हमखास सापडतात. शर्टाच्या उघड्या गळ्याचा त्रिकोण, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या याही पुढे सापडू लागतात, कारण घामाबरोबर कण तेथे साचतात. निव्वळ उन्हाने होणाऱ्या पुरळात या जागा बहुतेक वाचतात, कारण पापणीच्या घडीत, हनुवटीखाली आणि कानाच्या पाळीमागे सावली असते. डॉक्टर मान वर करायला सांगून हनुवटीखाली पाहतात आणि कान पुढे वाकवून मागची त्वचा तपासतात, ते याचसाठी. मात्र गाजरगवताचा आजार जुना झाला की त्वचेला ऊनही सोसेनासे होते आणि दोन्हींचे नकाशे एकमेकांत मिसळतात. म्हणून आजाराच्या पहिल्या वर्षातले फोटो असतील तर ते फार मोलाचे ठरतात.

चेहरा-मानेवरचे प्रत्येक चिवट पुरळ गाजरगवताचेच असते, असे मात्र मुळीच समजू नये. केसांना कलप लावल्यावर दोन-तीन दिवसांत कपाळाची कड, कान, पापण्या आणि मान यांवर पुरळ उठत असेल, तर संशय कलपावर घ्यावा. लग्नसराईत हातावर काढल्या जाणाऱ्या काळ्या मेंदीतही तेच पीपीडी नावाचे रसायन असू शकते. पुरळ कपाळाच्या मध्यभागी टिकलीएवढ्याच जागेत असेल, तर टिकलीचा गोंद किंवा कुंकू पाहावे. मानेभोवती माळेसारखे असेल, तर खोट्या दागिन्यातले निकेल. भुवया, नाकाच्या कडा आणि कानामागे तेलकट पिवळसर खवले असून डोक्यात कोंडाही असेल, तर तो कोंड्याचाच पसारा असण्याचा संभव अधिक. गोल, वाढत जाणारा, कडेने उठावदार आणि मध्ये निवळलेला चट्टा गजकर्णाचा असतो. मान मखमलीसारखी काळी व जाड झाली आहे पण खाज नाही, असे असेल तर ते बहुधा पुरळ नसतेच; वजन आणि रक्तातील साखर तपासावी, आणि ती मान घासून उजळवण्याचा खटाटोप सोडावा.

तीन गोष्टींना विलंब लावू नये. गाल आणि नाकाच्या दांड्यावर फुलपाखरासारखी लाली, तिच्या जोडीला सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड, केस गळणे आणि अशक्तपणा असेल, तर ल्युपससाठी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याच्या आजारासाठी, रक्ततपासणी करावी लागते. पापण्या जांभळट होऊन जिना चढताना मांड्यांत किंवा केस विंचरताना खांद्यांत बळ उरत नसेल, तर तो स्नायूंचाही आजार असू शकतो. आणि चट्टा फिकट किंवा तांबूस असून त्या जागी स्पर्श, ऊन-गार कळत नसेल, किंवा कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे त्याचे औषध मोफत मिळते, आणि लवकर सुरू केले तर नसा वाचतात. यात लपवण्यासारखे काही नाही.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकू लागला, नवे औषध सुरू केल्यावर तोंडात-डोळ्यांत फोड येऊन कातडी सुटू लागली, पुरळाबरोबर ताप चढला, किंवा कपाळाच्या एकाच बाजूला, डोळ्याजवळ, वेदनेसह पाण्याचे फोड उठले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शेवटचे लक्षण नागिणीचे असते. तिचे औषध ७२ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक गुण येतो आणि डोळ्याला होऊ शकणारी इजाही टाळता येते.

चार आठवड्यांची वही

एक साधी वही करावी. रोज रात्री खाजेला शून्य ते दहापैकी गुण द्यावेत आणि दिवसभर कोठे होतो, काय काम केले, चेहऱ्याला व केसांना काय लावले, वारा होता की पाऊस, हे चार ओळींत लिहावे. ही वही वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अशा प्रकारची ॲलर्जी त्वचेत हळू उमटते, म्हणजे संपर्क झाल्यापासून साधारण २४ ते ७२ तासांनी. त्यामुळे बुधवारी सकाळी पुरळ भडकले, तर मंगळवारच्या जेवणातील वांग्याला दोष देण्यापूर्वी रविवार आणि सोमवार कोठे गेला हे पाहावे. वडिलांनी वांगे, शेंगदाणे, अंडी, दही हे सगळे एकेक करून सोडले होते, आणि तेवढ्या काळात वजन मात्र पाच किलोने उतरले. या आजारात पथ्य जेवणाचे नसते.

वहीतून ऋतूही दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत हा त्रास उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, गवत वाढीला व फुलोऱ्याला येते तेव्हा, वाढतो आणि थंडीत ओसरतो. पुढे तो बारमाही होतो. गावाबाहेर आठ-दहा दिवस राहिल्यावर चेहरा निवळला आणि परतल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा भडकला, तर ती नोंद डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. बरीच वर्षे त्याच गवतात काम करूनही काही झाले नव्हते, आताच कसे झाले, असा प्रश्न सर्वांना पडतो. त्याचे उत्तर असे, की शरीराला ही ॲलर्जी वारंवारच्या संपर्कातूनच जडते, आणि एकदा जडली की ती बहुधा आयुष्यभर सोबत राहते.

पाठीवरची पॅच टेस्ट

निश्चित उत्तर पॅच टेस्टने मिळते, आणि ती पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात होते. गाजरगवतासह संशयित पदार्थांचे ठरावीक प्रमाणातले अंश छोट्या चकत्यांतून पाठीवर चिकटवतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून पहिले वाचन करतात आणि साधारण ९६ तासांनी दुसरे. दुसऱ्या वाचनाला जायचा अनेक जण कंटाळा करतात, पण उशिरा उमटणाऱ्या खुणा तेव्हाच दिसतात. त्या चार दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे कष्टाचे काम करायचे नाही, आणि पोटातून स्टेरॉइड चालू असतील तर ते आधीच डॉक्टरांना सांगायचे. स्वतःहून बंद करायचे नाहीत. पुरळ ऐन भरात असताना ही तपासणी सहसा करत नाहीत.

खात्री करून घेण्यासाठी गवताचे पान हातावर चोळून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपा करून मानू नये. त्याने सगळे अंग भडकू शकते. तसेच, शंभर पदार्थांची यादी छापून देणाऱ्या ‘ॲलर्जीच्या रक्ततपासणी’वर हजारो रुपये खर्चू नयेत. ती तपासणी रक्तातील आयजीई नावाची प्रतिपिंडे मोजते, तर गाजरगवताचे हे पुरळ पेशींच्या वेगळ्या प्रतिक्रियेतून उठते. त्यामुळे रक्तात काही निघाले किंवा न निघाले, तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उपचार सुरू असताना

ज्या स्टेरॉइड मलमाबद्दल वर इतके लिहिले, तेच डॉक्टरही देतील, आणि त्यात विसंगती काही नाही. फरक तीव्रतेचा, मात्रेचा आणि मुदतीचा असतो. चेहऱ्यासाठी सौम्य प्रकार, ठरावीक दिवस, मग कमी करत बंद, अशी त्याची रीत असते. मात्रा मोजण्याचे सोपे माप असे : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि मोठ्या माणसाच्या चेहरा-मानेला मिळून अशा अडीच रेघा पुरतात. पुढे टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम दिले जाते. ते पहिले काही दिवस चुणचुणते, म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. नेटाने लावल्यास ही चुणचुण बहुधा आठवडाभरात कमी होते. आजार फार पसरला असेल तर ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्या अनेक महिने द्याव्या लागतात. त्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी आणि यकृत यांची तपासणी सांगितलेल्या तारखेलाच करावी, बरे वाटते आहे म्हणून ती टाळू नये. खाजेच्या गोळ्यांनी झोप लागते, पुरळ मात्र बरे होत नाही. आणि काही गोळ्यांनी दिवसाही गुंगी येते, तेव्हा त्या घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये.

घरी चेहरा दिवसातून दोनदा कोमट पाण्याने, फेस न होणाऱ्या सौम्य क्लीन्झरने धुवावा, टिपून कोरडा करावा आणि ओलसर असतानाच साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली पातळ लावावी. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, लसूण, जंतुनाशक द्रव यांपैकी काहीही या त्वचेला लावू नये. एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते : कॅमोमाइल, अर्निका किंवा कॅलेंडुला असलेली ‘नैसर्गिक’ क्रीम्स गाजरगवताच्याच कुळातील वनस्पतींपासून होतात आणि या रुग्णांना त्रास देऊ शकतात. शेवंती, सूर्यफूल आणि झेंडू हीही त्याच कुळातली. सगळ्यांनाच ती बाधतात असे नाही, पण दसरा-दिवाळीत झेंडूची तोरणे ओवल्यावर वहीतला आकडा चढत असेल, तर ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. ऊन सोसत नसेल तर रुंद काठाची टोपी आणि झिंक ऑक्साइड असलेले, सुगंध नसलेले सनस्क्रीन वापरावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही उन्हाचा त्रास वाढतो. त्यांची नावे डॉक्टरांना दाखवावीत, पण त्या मनाने थांबवू नयेत.

हवेतून येणारे कण कमी करणे

औषधाने मिळालेला आराम टिकवायचा तर संपर्क कमी करावा लागतो, आणि घरातील सर्वांच्या मदतीवाचून ते होत नाही. शेतातून आल्याबरोबर अंघोळ करून कपडे बदलावेत, शेतातले कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत. घाम पुसण्याचे उपरणे रोज धुवावे. वडिलांच्या बाबतीत खरा चोर हे उपरणेच होते : दिवसभर बांधावर पडलेले, कणांनी भरलेले उपरणे ते दर तासाला चेहऱ्यावरून आणि मानेवरून फिरवत असत. धुतलेले कपडे आणि उशांचे अभ्रे गवत असलेल्या बाजूला वाळत घालू नयेत. वाऱ्याच्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या मिटलेल्या असाव्यात. काम टाळता येत नसेल तर पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी बंद होणारा सुती सदरा घालावा.

गवत काढताना

१९५६ साली भारतातील नवी वनस्पती म्हणून या गवताची नोंद झाली ती पुण्याहून, आणि त्यानंतर काही दशकांतच ते देशभर पसरले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे मानले जाते. काँग्रेस गवत हे त्याचेच दुसरे नाव. एकेक झाड हजारो बिया टाकते आणि त्यांतल्या कित्येक मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे गवत स्वतः उपटू नये, आणि उपटणे चालू असताना वारा ज्या बाजूला वाहत असेल त्या बाजूला थांबूही नये. ज्यांना त्रास नाही त्यांनीही हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला कापड बांधूनच ते उपटावे, कारण आज नसलेली ॲलर्जी उद्या जडू शकते. पाऊस पडून माती भिजलेली असताना, फुले येण्यापूर्वी, मुळासकट उपटणे सर्वांत सोपे जाते. वाळलेल्या गवताला हात लावला की कण उधळतात, आणि पेटवले तर ते धुराबरोबर सगळ्या वस्तीवर जातात. म्हणून जाळू नये. फुलोऱ्याआधी उपटलेले गवत खड्ड्यात कंपोस्टला घालता येते. रस्त्याच्या कडेला किंवा पडीक जागेत, जेथे पीक घ्यायचे नाही, तेथे लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवून केलेली फवारणीही चालते; शेतात मात्र ती करू नये, जमीन खारावते. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा वाढू दिला, तर तो गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला छोटा पट्टेदार भुंगा आता महाराष्ट्रातही दिसतो आणि पावसाळ्यात या गवताची पाने खाऊन फस्त करतो. तो दिसला तर त्या पट्ट्यात तणनाशक मारू नये.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो, तेव्हा ग्रामपंचायतीकडे किंवा सोसायटीकडे सामुदायिक सफाईची मागणी करायला निमित्त मिळते. आपल्या एकट्याचा बांध स्वच्छ करून फारसे भागत नाही, कारण वारा शेजारच्या बांधावरूनही येतो. आम्ही शेजारच्या चार शेतकऱ्यांना बरोबर घेऊन दर पावसाळ्यात दोनदा, जुलैच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्यास, उपटणी करतो. पहिल्या दोन वर्षांत जुन्या बियांमुळे काहीच फरक दिसला नव्हता. चौथ्या वर्षी बांधावर टाकळा दाट झाला, आणि वडिलांच्या वहीत ऑगस्टभर तीनच्या वर एकही आकडा नव्हता.